तुटलेल्या तंगुसाचं तुम्ही काय करता?

टिटवी · रविवार, सकाळी ७:१२

गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला जाणाऱ्यांसाठी हा धागा. तंगूस म्हणजे गळाची प्लास्टिकची दोरी. (हो, धाग्यावरच धागा. हसून झालं असेल तर पुढे वाचा.)

आम्ही चौघं जिथे गळ टाकतो त्या धक्क्याच्या कठड्याला गेल्या वर्षी एक पीव्हीसीचा पाइप बांधला. सहा इंची, हातभर लांब. वरच्या टोकाला एल्बो (वाकडा जोड) आणि त्याचं तोंड आडवं, म्हणजे पाऊस सरळ आत शिरत नाही. खाली आट्यांचं झाकण, झाकणाला पाणी निथळायला चार भोकं. बाहेर ठळक अक्षरांत 'फक्त तंगूस'. डोकं आमचं नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात मत्स्य आणि वन्यजीव आयोगाने २००१ पासून असे पाइप जागोजागी लावलेत, त्यांचे फोटो बघून नक्कल मारली.

पहिल्या महिन्याने झाकण फिरवलं तर आतून शीतपेयाचे चेपलेले डबे, थोटकं, सडलेलं आमिष आणि तळाशी मूठभर तंगूस. त्या मुठीत तीन गळ होते. ते काढायला आत हात घातला आणि चौथा माझ्या अंगठ्यात सापडला, उलट्या काट्यासकट. तेव्हापासून पक्कड घेतल्याशिवाय झाकणाला हात लावत नाही.

मग दोन बदल केले. पाइप धक्क्याच्या तोंडाशी होता, तो लोक जिथे गाठी मारत बसतात त्या बाकाला लागून आणला. आणि त्याला साखळीने एक नेलकटर अडकवला. पाटीने जे झालं नाही ते नेलकटरने झालं. लोक गाठीचं शेपूट कापायला येतात, कापलेलं टोक आपसूक आत टाकतात, आणि एकदा सवय लागली की गुंताच्या गुंता आणून कोंबतात.

आता अडचण. घरी दोन गोणी तंगूस साठलाय. प्लास्टिक वितळवणाऱ्या एका कारखान्यात घेऊन गेले. तिथल्या माणसाने मूठभर हातात घेतला, ताणून बघितला आणि परत दिला. म्हणाला, "ताई, हे एक प्लास्टिक नाही, निदान तीन आहेत. वेगळं करून आणा." कसं वेगळं करू? सगळं सारखंच दिसतं.

तर प्रश्न दोन. तुमच्या तुटलेल्या तंगुसाचं तुम्ही काय करता, आणि माझ्या गोण्यांचं मी काय करू?

उनाड · रविवार, सकाळी ८:४०

खरं सांगू? पाण्यात सोडतो. खडकात अडकला की ओढायचा, तुटला की तुटला. दहा-बारा हात तंगुसाने एवढ्या मोठ्या समुद्राला काय होणारे? तिकडे बोटींची मैलभर जाळी सुटतात त्याबद्दल कोणी बोलत नाही आणि आपण नेलकटर टांगून बसायचं.

(मारू नका. विचारलंत म्हणून सांगितलं.)

शिंपला · रविवार, सकाळी ९:१५

उनाडभाऊ, मारत नाही, पण एकदा माझ्याबरोबर खाली या.

मी डायव्हिंग करतो. गरवणाऱ्यांचा लाडका खडक कुठला हे मला वर विचारावं लागत नाही, खालून कळतं. नायलॉन पाण्याहून जड, तुटला की तळाला जाऊन बसतो. तुमचे दहा-बारा हात तिथेच असतात. तुमच्या आधीच्या माणसाचेही तिथेच आणि त्याच्या आधीच्याचेही, कारण मासा सगळ्यांना त्याच कपारीत लागतो. समुद्र मोठा आहे हे खरंय, पण आपण सगळे मिळून त्याच्या टेबलाएवढ्या तुकड्यातच तंगूस टाकतो.

एक बघितलेलं सांगतो. पंख्यासारखं पसरलेलं एक प्रवाळ होतं, माझ्या कमरेएवढं उंच. त्याला एक जाड फांदी आडवी फुटलेली दिसली. फांदी अशी आडवी जात नाही म्हणून चिमटीत धरली तर शेवाळ सुटून हातात आलं आणि आत तंगूस. लाट आली की तो पुढे जायचा, लाट परतली की मागे. जिथे घासत होता तिथली जिवंत साल सोलून आतला काळा कणा उघडा पडला होता. असा तंगूस टोकाला धरून ओढायचा नसतो, ओढला की उरलेली सालही निघते. वीत-वीतभर कापायचं, तुकडा पिशवीत, पुढची वीत. त्या एका पंख्यापायी माझी निम्मी टाकी संपली.

जाळ्यांचं म्हणाल तर सहमत, तो प्रश्न याहून मोठा आहे. पण जाळं कापायला अख्खी टीम लागते. तंगूस खिशात घालून आणता येतो.

उलटतपासणी · रविवार, दुपारी १२:०५

धागा आवडला, म्हणूनच आधी थोडं पाणी ओततो. आता कोणीतरी येऊन दोन आकडे फेकणार: तंगूस विरायला ६०० वर्षं लागतात, आणि मासेमारीचं ६,४०,००० टन सामान दरवर्षी समुद्रात जातं. दोन्हींची कुळकथा ऐकून ठेवा.

नायलॉन जगासमोर आलं १९३८ मध्ये. म्हणजे त्याची शंभरीसुद्धा अजून भरलेली नाही, ६०० वर्षं कोणी पाहिली? हा आकडा भित्तिपत्रकांवरून भित्तिपत्रकांवर गेलाय. अशा 'इतकी वर्षं टिकतं' छापाच्या आकड्यांचं मूळ २०२० मध्ये दोन संशोधकांनी शोधायला घेतलं तर बहुतेकांच्या मुळाशी धड मोजमापच सापडेना. फार काळ टिकतं हे नक्की. किती, ते कोणी मोजलेलं नाही.

दुसऱ्याची गंमत आणखी. १९७५ च्या एका अमेरिकी अहवालात समुद्रात वर्षाला ६४ लाख टन कचरा जातो असा अंदाज होता. २००९ च्या एफएओ आणि युनेप (संयुक्त राष्ट्रांची अन्न-शेती संघटना आणि पर्यावरण कार्यक्रम) यांच्या अहवालात आलं की मासेमारीचं सामान एकूण सागरी कचऱ्याच्या १० टक्क्यांहून कमी. कोणीतरी 'हून कमी' गाळलं, गुणाकार केला, आणि ६,४०,००० टन जन्माला आले.

त्यापेक्षा २०२२ चा एक अभ्यास बरा. सात देशांतल्या साडेचारशे मच्छिमारांना थेट विचारलं, तुमचं काय काय आणि किती हरवतं. उत्तर आलं, वापरातल्या सामानापैकी जवळजवळ २ टक्के दरवर्षी. पण गळांच्या लांब दोरांची, म्हणजे लाँगलाइनची, नुसती मुख्य दोरी मोजली तरी वर्षाला ७,३९,५८३ किलोमीटर भरते. पृथ्वीला अठरा वेढे. आणि हे फक्त धंद्याच्या बोटींचं. उनाडरावांच्या दहा-बारा हातांची यात मोजदादच नाही.

उनाड · रविवार, दुपारी १२:२०

माझं नाव अठरा वेढ्यांच्या शेजारी लिहिल्याबद्दल आभार.

चिमटा · रविवार, रात्री ९:५०

प्राण्यांचा डॉक्टर आहे, समुद्री जीवांच्या बचाव केंद्रात काम केलंय. आकडे राहू द्या बाजूला, पोटात काय होतं ते सांगतो. जेवत असाल तर नंतर वाचा.

कासवाने आमिषासकट गळ गिळला आणि माणसाने वरून तंगूस कापला. गळ अन्ननलिकेत रुतून बसतो, तंगुसाचं मोकळं टोक आतड्यात उतरतं. आतडं त्याला अन्न समजून पुढे ढकलत राहतं, पण वरचं टोक अडकलेलं. मग तंगूस पुढे जात नाही, आतडंच त्याच्यावर चढत येतं. पायजम्याची नाडी ओढल्यावर नेफा कसा चुण्या पडून गोळा होतो, तसं. प्रत्येक चुणीच्या आतल्या वळणावर तंगूस ताठ बसलेला असतो आणि आतड्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर करवतीसारखा कापत जातो. बाहेरून कासव नुसतं मलूल दिसतं, एखाद वेळी तोंडातून किंवा मागून चार बोटं तंगूस लोंबताना दिसतो. तो ओढू नका. हे एवढं एक वाक्य तरी सगळ्यांनी लक्षात ठेवा. ओढणारा मदतच करत असतो आणि आत आतडं फाटत असतं. कासव सावलीत ठेवा आणि वन्यजीववाल्यांना फोन करा.

बाहेरून गुंडाळलेला तंगूसही तसाच. वल्ह्यासारख्या पायाला एकच फेरा बसलेला असतो. प्राणी वाढतो, फेरा वाढत नाही. फ्लोरिडातल्या मॅनटींचे (समुद्रगाई म्हणा) असे आवळलेले पुढचे पाय शस्त्रक्रियेने काढावे लागल्याची उदाहरणं आहेत.

पक्ष्यांची तऱ्हा निराळी. ते आपण होऊन उचलून नेतात. वेल्सच्या किनाऱ्याजवळ ग्रासहोम नावाचं बेट आहे, गॅनेट पक्ष्यांची मोठी वसाहत. तिथली घरटी तपासली तर एकेका घरट्यात सरासरी ४७० ग्रॅम प्लास्टिक, बहुतेक मासेमारीच्या दोऱ्या. घरट्याला समुद्रशैवाल शोधताना त्यांना दोरीच जास्त पसंत पडते असं दिसलं. दरवर्षी सरासरी ६३ पक्षी त्यात अडकलेले सापडायचे आणि त्यातली बरीचशी उडायला तयार झालेली पिल्लं. बाकीची पिल्लं निघून जातात, हे पायाला दोरी बांधून बसलेलं.

धाकटी पाती · रविवार, रात्री १०:३१

वाचून कसंतरीच झालं. पण माहितीबद्दल धन्यवाद डॉक्टर. वाखूसा (वाचनखूण साठवली).

उनाड · रविवार, रात्री ११:०२

चिमटाकाका, एक विचारतो, थट्टा नाही. मागे माझ्या गळाला पाणकावळा लागला होता. फडफडायला लागला तसा घाबरून मी तंगूस कापून टाकला, म्हटलं सुटला बिचारा. चुकलं का?

चिमटा · सोमवार, सकाळी ६:४५

चुकलं, पण तुमच्या जागी दहातले नऊ जण तेच करतात. तो पक्षी तंगुसाची शेपटी घेऊन रात्री झाडावर बसायला जातो, शेपटी फांदीला अडकते आणि सकाळी तो उलटा लटकलेला असतो. त्याच फांदीवर दुसरे येऊन अडकतात ते वेगळंच.

पुढच्या वेळी कापू नका. सावकाश रीळ गुंडाळत जवळ आणा, शक्यतो जाळीच्या पाळण्याने उचला, तंगुसाने लोंबता उचलू नका. डोक्यावर टॉवेल टाका, डोळे झाकले की पक्षी बराच शांत होतो. चोच धरा, पण थोडी उघडी ठेवा. पाणकावळ्याला बाहेरून नाकपुड्या नसतात, गच्च आवळलीत तर गुदमरेल. गळाचं टोक पुढे ढकलून कातडीबाहेर काढा, उलटा काटा पकडीने तोडा, मग दांडा मागे ओढा. गळ घशाखाली गेला असेल तर हात घालू नका, टॉवेलसकट खोक्यात ठेवून केंद्रात न्या. आणि चष्मा लावा. पाणकावळा थेट डोळ्यांवर चोच मारतो.

पॉलिमरपंत · सोमवार, दुपारी १:३०

टिटवीताईंच्या गोण्यांकडे वळू या. कारखानेवाला बरोबर बोलला, तीन जाती आहेत.

पहिली आपला नेहमीचा पारदर्शक तंगूस, म्हणजे नायलॉन. सुमारे २२० अंशांना वितळतो, गोळ्या करता येतात. दुसरी फ्लुरोकार्बन. दिसायला डिट्टो, पण रसायन वेगळं, पीव्हीडीएफ. तिसरी विणलेली दोरी, ब्रेड म्हणतात ती. ते पॉलिथिलीनच, पण रेणूंच्या साखळ्या इतक्या लांब की तापवलं तरी ओघळत नाही, डिंकासारखं बसून राहतं. नायलॉनच्या घाण्यात ब्रेड गेली की जाळी तुंबते. फ्लोरिडाच्या पाइपांवर विणलेली किंवा तारेची दोरी टाकू नका असं बजावलेलं असतं ते यासाठीच.

आणि वितळवल्यावर काय होतं याबद्दल भाबडेपणा नको. जुन्या तंगुसाचा नवा तंगूस होत नाही. नायलॉन पाणी पितं. नीट न वाळवता वितळवलं तर त्या पाण्याने साखळ्या तुटतात, उन्हाने त्या आधीच तुटलेल्या असतात. मग त्यातून निघतात गळ ठेवायच्या पेट्या, रिळं असलं काहीतरी. गळाचं सामान बनवणाऱ्या बर्कले या अमेरिकी कंपनीने गोळा झालेल्या तंगुसापासून माशांना लपायला पाण्याखाली ठेवायचे सांगाडे बनवलेत. माशांचीच दोरी माशांच्या घराला, हे मला आवडलं.

नव्यासारखं नायलॉन हवं असेल तर वितळवून भागत नाही, रेणू सुटे करावे लागतात. अ‍ॅक्वाफिल कंपनी २०११ पासून स्लोव्हेनियात हे करते. नायलॉन-६ उलगडून पुन्हा कॅप्रोलॅक्टम (ज्या रेणूपासून ते बनतं तो) आणि त्यातून नवं सूत. पण त्यांचा कच्चा माल म्हणजे टनावारी जाळी आणि गालिचे. चिलीत ब्युरिओ नावाच्या मंडळींनी जाळ्यांपासून स्केटबोर्ड केले, तीही जाळीच. जाळं एकजिनसी असतं, वजनदार असतं, म्हणून परवडतं. तंगूस नाही परवडत.

उलटतपासणी · सोमवार, दुपारी २:१०

म्हणजे पुनर्वापर वगैरे नुसती पाटी. वर्षभराच्या दोन गोण्या, त्यातलं निम्मं निवडून बाद, उरलेलं गाडीत घालून शंभर मैल न्यायचं. त्यापेक्षा साध्या कचरापेटीत टाकायला सांगा की.

पॉलिमरपंत · सोमवार, दुपारी २:४४

किलोत मोजलंत तर तुमचं बरोबर. आता लांबीत मोजा. ०.३० मिलिमीटर जाडीचा नायलॉन तंगूस, घनता १.१४. एका किलोमीटरचं वजन भरतं ८० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका किलोत बारा किलोमीटरच्या वर. ताईंच्या गोणीत पाच किलो जरी असला तरी साठ किलोमीटर तंगूस धक्क्यावरून उठला. कारखान्याने घेतला किंवा नाही घेतला, पक्ष्याच्या पायात तो जाणार नाही.

टिटवी · सोमवार, सायंकाळी ७:२०

बाप रे. घरात साठ किलोमीटर घेऊन झोपते मी.

उलटतपासणीदादा, साध्या पेटीत अख्खा गुंता टाकला की तो पेटीत राहत नाही. वारा, कावळे, भटकी कुत्री. पेटीतच टाकायचा तर वीतभराचे तुकडे करून आणि झाकणाच्या डब्यात बंद करून. फेरा बसायला लांबी लागते, तुकड्याचा फेरा बसत नाही. पण पाटीचं म्हणाल तर आधी नुसतं 'फक्त तंगूस' लिहिलं होतं, तेव्हा लोक कचराही टाकत होते. खाली 'हा परत वापरणार' लिहिल्यावर डबे यायचे थांबले. आता शब्द दिलाय तर पाळायला हवा ना?

धाकटी पाती · सोमवार, रात्री ८:०५

भाबडा प्रश्न: जाळून टाकला तर? चटकन वितळतो, मी काडी लावून बघितलंय.

पॉलिमरपंत · सोमवार, रात्री ८:१२

नको. नायलॉनच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असतं आणि फ्लुरोकार्बनच्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड. दोन्ही विषारी. आणि उरलेला काळा गोळा तसाच राहतो. काडीसुद्धा लावू नका.

निवडायची युक्ती सांगतो, आगीविना. नुसत्या पाण्यात साबणाचा थेंब टाका, नाहीतर पृष्ठताणामुळे सगळंच तरंगतं आणि फसायला होतं. तुकडे बोटांनी बुडवून, चोळून बुडबुडे काढा. ब्रेडची घनता ०.९७, ती वर येईल. नायलॉन आणि फ्लुरोकार्बन दोन्ही तळाला. आता दुसऱ्या बादलीत मीठ विरघळायचं थांबेपर्यंत मीठ घाला. त्या पाण्याची घनता १.२ च्या घरात जाते. नायलॉन १.१४, वर येईल. फ्लुरोकार्बन १.७८, तळालाच राहील.

टिटवी · बुधवार, रात्री १०:१८

केलं. आज सगळी संध्याकाळ दोन बादल्या आणि मी.

साबणाच्या पाण्यात हिरवी-पिवळी ब्रेड लगेच वर आली, ती तशीही ओळखू येत होती. मिठाच्या बादलीत मात्र आधी काहीच होईना. सगळं खाली. म्हटलं पंतांनी गंडवलं. मग लक्षात आलं, तळाशी मीठ दिसलं म्हणून पुरे झालं समजले होते, पण ते न ढवळता नुसतं बसलं होतं. दहा मिनिटं ढवळलं, पुन्हा मीठ घातलं, पुन्हा ढवळलं. आणि मग एकेक तुकडा तळ सोडून वर यायला लागला, अगदी सावकाश, जिना चढल्यासारखा. तळाला राहिले ते मूठभर, जरा ताठर, बोटात धरले की स्प्रिंगसारखे उडणारे. माझ्याच रिळाचा पुढचा तुकडा त्यात निघाला. तीन वर्षं तो नायलॉन समजून वापरत होते.

गाठी आणि घूमणी (गळाजवळची फिरती कडी) अडकलेले तुकडे मात्र बादलीला कळत नाहीत, ते पकडीने आधी तोडायचे. धुवून वाळत घातलाय. शनिवारी कारखान्यात नेते, घेतला तर कळवते.

उनाड · बुधवार, रात्री १०:४०

एल्बो नव्वद अंशांचा घेतलात की पंचेचाळीसचा?

टिटवी · बुधवार, रात्री १०:४३

नव्वदचा. आणि खालचं झाकण चिकटवू नका, आट्यांचंच ठेवा. आम्ही पहिल्यांदा सोल्युशन लावून चिकटवलं होतं, मग पाइपच कापावा लागला.